माझा पत्ता शून्य, शून्य

मित्रांनो, जरा खाली बघा. इतकं लांब नाही, अगदी तुमच्या पायाशी. पटांगणातल्या चौकोनी दगडी फरश्यांच्या रांगा दिसतात ना, त्यांतल्या बरोबर मधल्या फरशीत बशीएवढं काहीतरी चकाकतं आहे. ती मी. मी एक जुनी पितळी चकती आहे. माझ्या अंगावर एक फुली कोरलेली आहे आणि तिच्या एका टोकाला बाण आहे. फुली माझ्याबरोबर जन्मली, बाण मात्र मागून आला. तो का आला, आणि त्याचा विसर पडल्यामुळे एकदा काय अनर्थ होता होता राहिला, ते सांगायला मी आज बोलते आहे. मी सहसा बोलत नाही.

पण एके काळी माझ्याइतकं मोठ्याने या शाळेत कुणीच बोलत नसे. मी तेव्हा घंटा होते. व्हरांड्यात साखळीला टांगलेली, परातीएवढी, जाड पितळी घंटा. शिपाई लाकडी हातोड्याचा टोला द्यायचे आणि माझा आवाज चारी वर्गांतून फिरून यायचा. शेवटच्या तासाच्या टोल्याला मुलींचे चेहरे कसे उजळायचे! पण एका गारठलेल्या सकाळी टोला पडला आणि मला काठापासून आतपर्यंत तडा गेला. त्यानंतर माझ्यातून निघायचा तो आवाज नव्हे, नुसता खरखराट. मुली हसल्या. महिन्याभरात नवी घंटा आली आणि मी अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून पडले. किती वर्षं ते मला सांगता येणार नाही. अंधारात वर्षं मोजायची कशी?

तिथून मला उचललं ते गणिताच्या बाईंनी. त्या सडपातळ होत्या, बोटं कायम खडूने पांढरी, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आलेख शिकवायचा म्हटलं की वर्गातल्या मुली पेंगायच्या, याचं त्यांना फार वाईट वाटे. फळ्यावरचा बिंदू कुणाच्या पायाखाली येत नाही, म्हणून तो डोक्यातही राहत नाही, असं त्या म्हणत. मग एक दिवस पटांगणाकडे बघता बघता त्यांच्या लक्षात आलं, की शाळेने एवढा मोठा आलेखाचा कागद दगडात घडवून ठेवला आहे आणि आपण त्यावर नुसता डबा खातो! आता फक्त मोजायला सुरुवात कुठून करायची ते ठरवायचं होतं. खडूने खूण केली तर ती मधल्या सुट्टीत पुसली जाई. शेवटी त्यांनी माझा तडा गेलेला भाग कापून टाकायला लावला, उरलेल्या चांगल्या पितळातून ही चकती काढून घेतली आणि तिच्यावर फुली कोरून घेतली.

फरशी खोदून मला बसवणारा गवंडी कुरकुरला. एवढं चांगलं पितळ जमिनीत घालताय, कुणीतरी काढून नेईल, असं त्याचं म्हणणं. बाई हसल्या.

"हे शून्य आहे हो. शून्य चोरून कुणाला काय मिळणार?"

त्या दिवसापासून माझा पत्ता शून्य, शून्य. ज्यांना शून्य म्हणजे काहीच नाही असं वाटतं, त्यांनी माझ्या जागी येऊन एक दिवस काढावा. पटांगणातल्या प्रत्येक फरशीला तिचा पत्ता माझ्यामुळे मिळाला. घंटा असताना मी सगळ्यांना हाकलत असे, वर्गात नाहीतर घरी. चकती झाल्यावर सगळ्या माझ्याकडे येऊ लागल्या. एकदा वाया गेलेल्याला असं दुसऱ्यांदा कामाला लावणारं कुणी भेटणं, हे केवढं भाग्य! बाईंचं हे ऋण मी कधी विसरले नाही.

त्यांचा तास बघण्यासारखा असे. मुलगी माझ्यावर येऊन उभी राही. माझ्यातून आडवी जाणारी फरश्यांची रांग म्हणजे क्ष-अक्ष, उभी जाणारी म्हणजे य-अक्ष. उजवीकडे गेलं की अधिक, डावीकडे गेलं की उणे. इमारतीकडे गेलं की अधिक, फाटकाकडे आलं की उणे. दोन अक्षांनी पटांगणाचे चार चरण केले होते आणि ते घड्याळाच्या काट्याच्या उलट्या बाजूने मोजायचे. पहिल्या चरणात पाणी प्यायचे नळ, दुसऱ्यात सूचनाफलक, तिसऱ्यात सायकली, चौथ्यात दगडी बाक. बाई व्हरांड्याच्या कठड्याला टेकून पुकारत, "उणे पाच, दोन!" आणि मुलगी मोजत निघे. आधी आडवं, मग उभं. हा क्रम मोडला तर बाई तिला परत माझ्याकडे पाठवत. पुष्कळ जणी पहिली चूक एकच करत. उभ्या असलेल्या फरशीलाच एक म्हणत. मग बाई म्हणत, अगं, अजून घरातून निघाली नाहीस आणि एक मैल चाललीस होय?

त्याच वर्गात एक बारकीशी मुलगी होती. दोन घट्ट वेण्या, आणि दप्तराला खांद्यापाशी तारेचा टाका, कारण तिचे बाबा नळाची कामं करत आणि त्यांच्या घरात सुईपेक्षा पक्कड लवकर सापडे. तिला आई नव्हती. शाळा सुटली की बाबा हत्यारांची पिशवी सायकलला अडकवून फाटकाशी येत, आणि तोवर ही माझ्यावर उभी राहून फाटकाकडे बघत असे. इतर मुली मला शून्य म्हणून ओळखत. तिच्यासाठी मी वाट बघायची जागा होते.

तिची पाळी आली तेव्हा बाईंनी पुकारलं, "चार, तीन." सोपा बिंदू. पहिल्या चरणातला, नळांच्या अलीकडचा. मुलगी माझ्यावर उभी राहिली, चार फरश्या गेली, तीन फरश्या गेली आणि थेट सायकलींत जाऊन थांबली. वर्ग खो खो हसला. बाईंनी परत पाठवलं. ती परत मोजून परत सायकलींतच. तिसऱ्यांदाही तेच. कुणीतरी म्हणालं, ही कायम भलतीकडे. झालं, नाव पडलं. तिला पुढे सगळी शाळा "भलतीकडे" म्हणून हाक मारू लागली. शिपाईमामासुद्धा. तेव्हा ते नुकतेच कामाला लागले होते, आणि मुलींनी ठेवलेली नावं त्यांना सगळ्यांच्या आधी पाठ होत.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्या कठडा सोडून खाली आल्या, तिला माझ्यावर उभं केलं आणि शेजारी येऊन, ती जिकडे बघत होती तिकडे स्वतः बघितलं. समोर फाटक होतं.

"तू नेहमी अशीच उभी राहतेस?"

"हो. बाबांनी सांगितलंय, पाणी जिकडून येतं तिकडे तोंड करून उभं राहायचं. पाण्याकडे पाठ करायची नाही."

आता मला सांगा, यात ती काय चुकली? पाणी रस्त्यावरून येतं, फाटकाखालून आत शिरतं. नळवाल्यांच्या धंद्यात उजवं-डावं ठरतं ते पाण्याकडे तोंड करून. तिच्या घरी कुठला नळ उजवा आणि कुठला डावा, हेही तसंच ठरलेलं. त्या तोंडाने ती चार उजवीकडे आणि तीन पुढे अगदी बिनचूक गेली होती. बाकीच्यांसाठी ती जागा उणे चार, उणे तीन होती, म्हणजे माझ्या पलीकडे, बरोबर समोरासमोर.

बाईंनी सगळ्या वर्गाला जवळ बोलावलं. म्हणाल्या, हिची मोजणी बरोबर आहे, चूक माझी आहे. कुठून मोजायचं ते मी सांगितलं, पण तोंड कुणीकडे करायचं ते सांगितलंच नाही. दुसऱ्याच दिवशी गवंडी छिन्नी घेऊन आला आणि इमारतीच्या दिशेने माझ्या अंगावर बाण कोरला गेला. छिन्नीचे घाव बसले खरे, पण मला त्याचा अभिमान वाटला. एका बारक्या मुलीमुळे मला दिशा मिळाली होती.

पुढच्या सुट्टीत शाळेत नवा पाइप टाकायचं ठरलं आणि काम तिच्या बाबांनाच मिळालं. पाइप फाटकातून पटांगणाखालून इमारतीकडे न्यायचा आणि मध्ये एक व्हॉल्व्ह बसवायचा, म्हणजे काही झालं तर पाणी तिथेच अडवता येईल. पण पटांगणात लोखंडी झाकण नको, मुली ठेचकाळतील, असं ठरल्यामुळे व्हॉल्व्ह एका सुट्या फरशीखाली लपणार होता. मग पुढे तो सापडायचा कसा? बाईंनी सुचवलं, आमच्या चकतीपासून मोजून लिहून ठेवा. बाबांना ही गोष्ट फार आवडली. ते माझ्यावर येऊन उभे राहिले. त्यांच्या पायांचं वजन मला अजून आठवतं. मुलगी बाजूलाच फरशीवर बसून पेरू नाहीतर काहीतरी खात होती. त्यांनी मोजलं, पेन्सिल कानावरून काढली आणि पुठ्ठ्यावर सुबक अक्षरांत लिहिलं: "मुख्य व्हॉल्व्ह. चकतीपासून उजवीकडे ४, पुढे ३." पुठ्ठा कार्यालयातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला गेला.

आणि ते कुणीकडे तोंड करून उभे होते? अर्थात फाटकाकडे. पाणी तिकडून येत होतं ना! माझ्यावरचा बाण त्यांच्या पाठीमागे होता. त्यांनी तो बघितला असेल तर नक्षी समजून सोडून दिला असेल. बाईंनी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. यात सांगण्यासारखं काय आहे, असं दोघांनाही वाटलं असणार. त्या क्षणी ही गोष्ट बाबा, मुलगी आणि मी, अशा आम्हा तिघांनाच ठाऊक होती. त्यांतली मुलगी खाण्यात गुंग होती आणि मी मुकी.

मग वर्षं गेली. बाई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्या माझ्यावर क्षणभर उभ्या राहिल्या आणि रुमालाने मला पुसून गेल्या. त्यानंतर आलेख पुन्हा फळ्यावर गेला. माझ्या फुलीत माती भरली, बाणावर कुणीतरी च्युइंगम चिकटवलं. पटांगणात वाहनं उभी राहू लागली. कधी कधी आठवडाभर माझ्यावर चाक असे. मी रागावले नाही. ज्यांच्यासाठी आपण काही नव्हतोच, त्यांच्यावर काय रागवायचं? आणि आमची "भलतीकडे" परत आली होती! ती आता शाळेची ग्रंथपाल होती. तिचे केस कानांपाशी पिकले होते. बाबा चार वर्षांपूर्वी गेले होते.

ग्रंथालय तळघरात, व्हरांड्याजवळच्या पायऱ्या उतरून खाली. तिथल्या सगळ्यात खालच्या फळीवर शाळेची हस्तलिखितं होती. दर वर्षीच्या मुलींनी स्वतःच्या हाताने लिहिलेला, चित्रं काढलेला एकेक अंक. प्रत्येकाची एकच प्रत, आणि सगळं शाईचं. साठ वर्षांच्या मुली त्या फळीवर बसल्या होत्या म्हणा ना. ती त्यांना दर महिन्याला वर आणून ऊन दाखवायची, तेव्हा मलाही दिसायच्या.

तर एक दिवस मुख्याध्यापक सरांनी ठरवलं की या खडबडीत फरश्या काढून पटांगण गुळगुळीत सिमेंटचं करायचं. दोन मजूर आले. त्यांनी व्हरांड्याच्या पायऱ्यांपासून सुरुवात केली आणि पहारीच्या चौथ्या की पाचव्या घावाला जमिनीखालचा पाइप फुटला. पाणी कमरेएवढं उसळलं आणि उतार शोधत ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरून खाली धावत सुटलं.

ती खालून ओरडत नव्हती. नुसती हस्तलिखितं उचलून वरच्या फळीवर ठेवत होती. पण वरच्या फळ्या आधीच भरलेल्या आणि तिचे हात दोनच. मुलींची रांग लावली, तरी घोट्याएवढं पाणी झालं तेव्हा निम्मे अंक खालीच होते. पाणीखात्याला फोन झाला. त्यांचा माणूस निघाला होता, त्याला यायला तास लागणार होता. तासात तळघर भरलं असतं.

मुख्याध्यापक सरांना कपाटातला पुठ्ठा आठवला. ते पुठ्ठा घेऊन पळत आले, च्युइंगम बुटाने खरवडून त्यांनी माझा बाण शोधला, बाणाकडे तोंड केलं आणि मोजलं. उजवीकडे चार, पुढे तीन. मजुरांनी ती फरशी उचलली. खाली कोरडी माती.

"पाइप त्या अंगाला फुटला आणि व्हॉल्व्ह या अंगाला कसा असेल साहेब?" मजूर म्हणाला.

सर म्हणाले, लिहिलेलं आहे ना, मग आजूबाजूला असेल. बघा पुढची. पुढची उचलली. तिच्यामागची उचलली. त्या चरणात फरश्यांचा ढीग पडू लागला. मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! मला ठाऊक होतं. माझ्या पाठीमागे, सायकली लागतात तिथे, त्या व्हॉल्व्हमधून जाणाऱ्या पाण्याची थरथर मला इतकी वर्षं जाणवत आली होती. आयुष्यात एवढी एकच वेळ आली, जेव्हा मला माझा घंटेचा आवाज परत हवा होता. एक टोला पुरला असता.

इतक्यात ती वर आली. गुडघ्यापर्यंत भिजलेली, छातीशी पाच-सहा हस्तलिखितं. ती तिने बाकावर ठेवली, सरांच्या हातातला पुठ्ठा बघितला आणि जागच्या जागी थबकली. ते अक्षर तिच्या ओळखीचं होतं.

ती माझ्यापाशी आली. माझ्यावर उभी राहिली. आणि मग हळूच वळली, इमारतीकडे पाठ करून. तिच्या पायाचं वजन टाचांवरून चवड्यांवर आलं, जसं लहानपणी बाबांची सायकल दिसताच यायचं.

"सर, इकडून मोजायचं," ती म्हणाली. "उलटं."

सर वैतागले होते. बाण स्पष्ट तिकडे आहे, पुठ्ठा स्पष्ट आहे, आता उलटं कशाला, असं त्यांनी विचारलं. जन्मभर जिला सगळे भलतीकडे म्हणाले, तिला साठ वर्षांची हस्तलिखितं बुडत असताना "तुम्ही सगळे भलतीकडे आहात" असं म्हणायचं होतं. चुकली असती तर ते हसणं तिला उरलेलं आयुष्य ऐकावं लागलं असतं, आणि अंक गेले असते ते वेगळेच.

मग व्हरांड्यातून शिपाईमामा पुढे आले. आता तेही निवृत्तीला आले होते.

"साहेब, बघू दे तिला," ते म्हणाले. "ही भलतीकडे जाते, पण मोजते बरोबर. आमच्या बाई सांगायच्या."

ती निघाली. फाटकाकडे तोंड, उजवीकडे चार, पुढे तीन. सायकली बाजूला ओढल्या. तिने मजुराच्या हातातली पहार घेतली आणि फरशीवर आपटली. पोकळ आवाज आला. मी घंटा होते, मला पोकळ आवाज समजतो. माझा जीव भांड्यात पडला. फरशी उचलली. खाली विटांच्या चौकटीत व्हॉल्व्ह बसला होता, आणि त्याच्या चाकाला चिंधी गुंडाळून त्यावर ग्रीस थापलेलं होतं, गंजू नये म्हणून. इतकी वर्षं ती चिंधी तिथे राखणीला होती. तिने दोन्ही हातांनी चाक धरून जोर लावला. चाक कुरकुरलं, अडलं आणि फिरलं. पायऱ्यांपाशी उसळणारं पाणी बसत बसत नाहीसं झालं.

ती चिंधी तिने मुठीत धरली आणि सायकलींमध्येच खाली बसली. सर पुठ्ठा हातात घेऊन माझ्याजवळ आले. एकदा इमारतीकडे तोंड करून उभे राहिले, एकदा फाटकाकडे, आणि स्वतःशीच मान हलवली.

खालचे आठ अंक ओले झाले. पंखे लावून, पानांमध्ये टीपकागद घालून तिने आठवडाभरात सात वाचवले. एकाची शाई मात्र पसरली. तो अंक ती अजून सगळ्यांना दाखवते. सिमेंटचं काम रद्द झालं. उचललेल्या फरश्या परत बसल्या, त्यांतली एक थोडी तिरकी बसली आहे, ठेच लागते, जपून जा. माझ्या फुलीतली माती शिपाईमामांनी खिळ्याने कोरून काढली. आता दर वर्षी नव्या मुलींचा एक तास माझ्यापाशी होतो. पुठ्ठाही नवा झाला. त्यावर तिच्या अक्षरात लिहिलं आहे: "चकतीवर उभे राहा. तोंड फाटकाकडे. उजवीकडे ४, पुढे ३." जुना पुठ्ठा तिने फेकला नाही, शेजारी तसाच ठेवला आहे.

मित्रांनो, मला घासून पुसून चकचकीत करा असं मी म्हणणार नाही. तुमचे पाय ते काम करतात आणि त्याबद्दल मी तुमची आभारी आहे. मागणं एवढंच, की कुणासाठी काही लिहून ठेवाल तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात आणि तोंड कुणीकडे होतं, तेही लिहा. आणि तुमचं उत्तर कुणाशी जुळलं नाही, तर हसण्याआधी त्याच्या शेजारी जाऊन, तो जिकडे बघतो तिकडे एकदा बघून या. बाईंनी तसं केलं नसतं, तर शिपाईमामांना त्या दिवशी सांगण्यासारखं काहीच नसतं.

संध्याकाळी ग्रंथालयाला कुलूप लावून ती वर येते. पटांगण रिकामं असतं. ती माझ्यावर येऊन उभी राहते, बाणाकडे पाठ करून, फाटकाकडे बघत. कुणी यायचं नसतं. तरी थोडा वेळ ती थांबते, मग पिशवी खांद्यावर नीट करते आणि चालू लागते. मी तिची पावलं मोजते. उजवीकडे शून्य, पुढे एक, पुढे दोन, पुढे तीन, फाटकापर्यंत.